आधी माणूस, मग कागद

दिवाळीच्या चार दिवसांत फोनवर शुभेच्छांची रांग लागते आणि भाऊबीज झाली की ती सगळी चित्रं पुसून जागा मोकळी करावी लागते. अशा काळात कात्री, रंग, जाड कागद घेऊन एकेका माणसासाठी वेगळं शुभेच्छापत्र करत बसायचा छंद कोणी का जोपासावा? या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. म्हणून इथे ते आत्या आणि भाचा यांच्या तोंडून मांडलं आहे.

आत्या जयगडला राहते. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथलं हे बंदराचं गाव. एका अंगाला खाडी, डोक्यावर विजापूरकरांच्या काळातला किल्ला. आत्याने हायस्कुलात चित्रकला शिकवली आणि आता ती निवृत्त आहे. भाचा रत्नागिरीत डिजिटल छपाईच्या दुकानात डिझाइनचं काम करतो. लग्नपत्रिका, बॅनर, कॅलेंडर, दिवाळीची कार्डं, सगळं त्याच्या हाताखालून जातं. पावसाळ्यात जयगडच्या हवेत जाड कागद ओल धरतो, कडा वळतात, जलरंग वाळता वाळत नाही. त्यामुळे आत्याचा हंगाम दसऱ्यानंतरच्या कडक उन्हात सुरू होतो. ओटीवर कागद, बोरू आणि रंग मांडलेले असतात. संवाद त्या ओटीवरचा आहे.

भाचा : आत्या, एका कार्डासाठी तू अख्खी दुपार घालवतेस. तेवढ्या वेळात आमच्या मशीनवर कार्डांचे गठ्ठेच्या गठ्ठे निघतात. आणि सगळी एकसारखी नव्हेत हं. नावांची यादी भरून द्यायची, फोटो द्यायचे, प्रत्येक कार्डावर ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा फोटो आपोआप येतो. गिऱ्हाईक खूश असतं. तुझ्या कार्डात याहून जास्त काय आहे?

आत्या : त्यातल्या एका कार्डावरचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं, तर कार्डाचं काही बिघडेल?

भाचा : काहीच नाही. म्हणून तर काम पटापट होतं.

आत्या : मग ते कार्ड त्या माणसासाठी केलेलं नव्हतं. त्याच्या नावाने पाठवलेलं होतं. पत्ता आपण पाकिटावर लिहितोच, तुम्ही तो आत सुंदर अक्षरात छापता एवढंच.

भाचा : पण कार्डाचा जन्मच मुळी वेळ वाचवायला झालाय, हे तुला ठाऊक असेलच. लंडनला १८४३ साली हेन्री कोल नावाच्या कामात बुडालेल्या गृहस्थाला नाताळात सगळ्यांना पत्रं लिहायला सवड नव्हती. त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि हजारेक प्रती छापल्या. उरलेली कार्डं एक शिलिंगला एक अशी विकली. म्हणजे पहिलं नाताळकार्ड छापील होतं आणि सगळ्यांना एकच होतं. तू ज्याला कार्डाचा बिघाड म्हणतेस, तो त्याचा मूळ स्वभाव आहे.

आत्या : त्या कार्डावर नाव घालायला दोन रिकाम्या जागा होत्या, एक घेणाऱ्यासाठी आणि एक देणाऱ्यासाठी. छापणाऱ्यालाही कळत होतं की काहीतरी हाताने भरल्याशिवाय हे पुरं होत नाही. आपल्याकडे बघ. रवि वर्म्यांचा छापखाना मुंबईला १८९४ मध्ये सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. चित्र सगळ्यांकडे तेच. पण कितीतरी घरांतल्या बायकांनी त्या छापील लक्ष्मीला जरीचं लुगडं नेसवलं, मोत्यांचे दागिने घातले, टिकल्या लावल्या आणि मग ती काचेत बसवली. छापील वस्तू आपली करून घ्यायची ही खटपट माणसं तेव्हाही करत होती. माझा छंद त्याच जातीचा आहे.

भाचा : बरं, मग असं धरूया की हाताने केलं म्हणजे आपलं झालं. पण सावंतवाडीचा गंजिफा घे. दशावतारी संचात दहा अवतारांची बारा-बारा, अशी १२० गोल पानं. सगळी हाताने रंगवलेली. तरी चितारी एक मत्स्य रंगवतो तसाच पुढच्या संचातला रंगवतो, कोण विकत घेणार ते त्याला माहीतही नसतं. सत्वशीलादेवी भोसल्यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली, तिचं मोल मोठंच आहे. पण त्या पानांना कोणी वैयक्तिक म्हणणार नाही. म्हणजे हात की मशीन, हा मुद्दाच नव्हे.

आत्या : हे मात्र अगदी खरं बोललास. कित्येक जण हा छंद धरतात तो सजावटीपासून. बाजारातून चमकी, लेस, तयार फुलं आणायची, चिकटवायची आणि तसलीच कार्डं वीस जणांना वाटायची. हात राबतो, पण कार्ड कोणाचंच होत नाही. त्यापेक्षा तुमचं छापील बरं, निदान त्याच्या घड्या तरी सरळ असतात.

भाचा : मग तुझं कार्ड सुरू कुठून होतं?

आत्या : ज्याला पाठवायचं त्याच्यापासून. कागद नंतर. एलिमेंटरीला आमच्या पोरांना स्मरणचित्राचा पेपर असतो, समोर वस्तू नसताना आठवून काढायचं. मी कार्डाला बसते तेव्हा तोच पेपर सोडवते. आधी स्वतःला विचारायचं, या माणसाबद्दल अशी कोणती गोष्ट मला ठाऊक आहे, जी त्याला वाटतं की आता कोणाच्याच लक्षात नसेल? ती सापडेपर्यंत ब्रश भिजवायचा नाही.

भाचा : उदाहरण दे. नाहीतर हे नुसतं बोलायला बरं वाटतं.

आत्या : डोंबिवलीची माझी बालमैत्रीण घे. तिला पाठवायला मी पणती काढली नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी आम्ही दोघी कारीट फोडायचो. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली घेऊन, गोविंदा म्हणून ओरडत. तिचं कारीट दर वर्षी निसटून अंगणभर पळायचं आणि ती रडकुंडीला यायची. या वर्षी तिच्या कार्डाच्या दर्शनी पानावर एका लहान मुलीचा अंगठा आहे आणि डाव्या कडेला ते हिरवं, पांढुरक्या पट्ट्यांचं कारीट आहे. मधली सगळी जागा कोरी. कार्ड उघडलं की आतल्या पानाच्या पार टोकाला ते कारीट पुन्हा दिसतं, अजून पळतंय असं. खाली दोन ओळी. पणती कोणालाही पाठवता येते. हे कारीट दुसऱ्या कोणाला पाठवलं तर त्याला काही कळणारच नाही.

भाचा : म्हणजे तू जे म्हणतेस ते असं, की दुसऱ्याला निरुपयोगी व्हावं इतकं ते एकाचं असलं पाहिजे.

आत्या : हो. मी शाळेत हीच कसोटी लावायचे. पोरं शेजारच्या बाकावरच्या मुलासाठी कार्ड करायची. मी ती गोळा करून नावं न बघता वर्गात दाखवायची. वर्गाने ओळखलं की हे कोणासाठी, तर कार्ड जमलं.

भाचा : मान्य. पण यातलं काहीच कागदाशी बांधलेलं नाही. हेच कारीट मी फोनवर काढलं असतं, उघडल्यावर खरोखर पळतंय असंही दाखवलं असतं, आणि ते एका क्षणात डोंबिवलीला पोचलं असतं. तिकीट नाही, पोस्ट नाही, हरवणं नाही. मग कागदाचा हट्ट कशाला?

आत्या : हट्ट नाही रे, मला त्यात आनंद आहे. छंद म्हटला की करणाऱ्याच्या हातालाही काहीतरी मिळालं पाहिजे. हा कागद धरून बघ. कागदालाही लाकडासारखा धागा असतो. दोन्ही बाजूंनी हलका वाकवला की कळतं कुठे तो मुकाट वळतो आणि कुठे अडतो. मुकाट वळतो त्या दिशेनेच घडी घालायची. उलट घातली की घडीवर कागद फाटल्यासारखा चिरतो आणि पांढऱ्या रेघा दिसतात. आणि नुसती घालायची नाही. शाई संपलेलं रिफिल पट्टीला लावून एक खोल रेघ ओढायची, मग दुमडायचं. ही घडी बसताना हाताला जे कळतं, त्यासाठी मी दुपार द्यायला तयार असते.

भाचा : आमच्याकडे त्याला क्रीझिंग म्हणतात. मशीन करतं.

आत्या : करू दे की. आणि हा बोरू बघ. टोक तिरपं कापलंय, म्हणून अक्षराची उभी रेघ जाड येते आणि वळणाला बारीक होते. देवनागरीला डौल येतो तो या कापामुळे. अच्युत पालवांची अक्षरं बघितलीस ना? मोडीचा अभ्यास करून त्यांनी बोरूची, ब्रशची अक्षरं चित्रासारखी उभी केली. मी काही त्या तोडीची नाही. पण तुमच्या संगणकातल्या अक्षरात दर वेळी ‘शु’ तसाच येतो. माझा ‘शु’ प्रत्येक कार्डावर थोडा निराळा येतो, आणि ज्याने माझ्या हाताखाली फळ्यावर तो वर्षानुवर्षं पाहिलाय, त्याला पाकीट उघडायच्या आधीच कळतं कोणाचं आहे ते.

भाचा : एक बोलू? संगणकातल्या देवनागरीचाही पाया अक्षरांवर जीव टाकणाऱ्या माणसांनीच घातलाय. विंडोजवर मंगल टंक आला तो र. कृ. जोश्यांचा. तेव्हा त्याला एकदम परका ठरवू नकोस.

आत्या : परका नाही. पण तो सगळ्यांचा आहे. वर्तमानपत्राला, अर्जाला, पुस्तकाला सगळ्यांचंच अक्षर हवं. कार्डाला माझं हवं.

भाचा : बरं, पोस्टाचं बोल. कार्ड वेळेवर पोचतं का? धड पोचतं का?

आत्या : ते बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. ए-फोर कागद मधे कापून एक अर्धा घ्यायचा आणि दुमडायचा. तीनशे जीएसएमचा कागद घेतला तरी तो अर्धा सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास भरतो. वर पाकीट आलं तरी वीस ग्रॅमच्या आत बसतं, म्हणजे साध्या पत्राला लागतं तेवढंच तिकीट. पण हौसेने लाकडाचा तुकडा, शिंपला, जाड लेस चिकटवलीस की वजन वर जातं आणि ज्याला पाठवलं त्यालाच दंड भरावा लागतो. नॉटपेड शुभेच्छा कोणाला हवी? माझ्या लहानपणी संक्रांतीला तिळगुळाची इवलीशी कार्डं यायची, पाकिटात हलव्याचे चार दाणे असायचे. शिक्का बसला की त्यांचा चुरा व्हायचा, तरी आम्ही तो जिभेवर ठेवायचो. तेव्हापासून मी शिकले, पाकिटात सपाट काय राहील त्याचाच विचार करायचा. आपट्याचं वाळलेलं पान चालतं. भाताची लोंबी चालत नाही.

भाचा : टपालखात्यानेही वैयक्तिक व्हायचा प्रयत्न केलाय, माहीत आहे? २०११ पासून माय स्टॅम्प ही योजना आहे. आपला फोटो द्यायचा, तिकिटाच्या शेजारी तो छापून मिळतो.

आत्या : चांगलीच सोय आहे. फक्त त्यावर पाठवणाऱ्याचा फोटो असतो, आणि कार्डावर मला घेणारा हवा असतो.

भाचा : आता माझा खरा आक्षेप. तू वर्षाला मोजकी कार्डं करतेस. बाकीच्यांचं काय? ज्यांना तुझं कार्ड जात नाही त्यांना वाटतच असेल की आपण बाईंच्या लेखी कोणी नाही. आमचं छापील कार्ड निदान कोणाला वगळत नाही. एखादा दुकानदार गावातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवतो. त्यात एखादा एकटा म्हातारा असतो, ज्याला दुसरं कोणीच काही पाठवत नाही. त्याच्या हातात दिवाळीला एक पाकीट तरी पडतं. तुझ्या पद्धतीत तो कुठेच बसत नाही, कारण त्याच्याबद्दल कोणाला काही ठाऊकच नाही.

आत्या : हा आक्षेप मला लागला. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी यादी दर वर्षी बदलते, तरी सगळी माणसं कधीच बसणार नाहीत. दुकानदाराने छापील पाठवावं, त्याने पाठवलंच पाहिजे. व्यवहारातल्या आपुलकीलाही किंमत आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यावर थांबू नये. त्या म्हाताऱ्याबद्दल कोणाला काही ठाऊक नाही, हे तू सहज बोललास. मला ते सहज घेता येत नाही. कार्डाच्या निमित्ताने कोणी त्याच्या ओटीवर जाऊन बसलं, विचारलं, तर ठाऊक होईल.

भाचा : म्हणजे कार्ड हे निमित्त?

आत्या : निमित्त नाही, काम तेच. माणसाची चौकशी करणं हा कार्डाच्या डिझाइनचा पहिला भाग आहे. माझी एक विद्यार्थिनी खाडीपलीकडे राहते. तिला मी ईदचं कार्ड पाठवते. आमच्या लहानपणी जहाजावर नोकरीला गेलेल्यांची ईदकार्डं या खाडीपट्ट्यात यायची, चंद्रकोर, मशीद, सोनेरी कडा. मलाही आधी तेच सुचलं. पण ते मी तिच्याकडे बघून काढलं नसतं, बाजारातल्या कार्डाकडे बघून काढलं असतं. तिच्याकडून दर ईदला माझ्याकडे सांदणं येतात, एका ठरावीक पितळी डब्यातून. डब्याच्या झाकणाला पोचा आहे. मी तो डबा काढला, पोच्यासकट. आणि ईदची तारीख चंद्रावर ठरते, म्हणून कार्डावर तारीख न घालता ते आठवडाभर आधी टाकलं.

भाचा : तो पोचा मस्त आहे. आमच्याकडे कोणी असा डबा आणला तर आम्ही आधी तो पोचाच काढून टाकू, फोटो स्वच्छ दिसावा म्हणून.

आत्या : म्हणून तर म्हणते, तुझं काम मी मोडीत काढत नाहीये, पण तुझा हात स्वच्छ करण्याकडे फार जातो. बरं, आता हे एक बघ आणि सांग. आपल्या घरचा मुलगा बोटीवर आहे ना, त्याच्यासाठी केलंय. आपलं दीपगृह काढलंय, १९३२ सालचं, बिडाचं. मागे समुद्र, वर संध्याकाळचं आभाळ. पण हे त्याला पाठवू कुठे? बोट आज एका बंदरात, उद्या दुसऱ्या.

भाचा : चित्र छान आहे. पण आत्या, हे तू जमिनीवरून काढलंयस.

आत्या : मग? दीपगृह जमिनीवरच आहे.

भाचा : तो आता पाण्यावर असतो. तो हे दीपगृह बघतो तेव्हा त्याला बिडाचा मनोरा दिसत नाही. काळ्या किनाऱ्यावर ठरावीक वेळाने उजळणारा एक ठिपका दिसतो. त्याच्या बाजूला असेल तर बंदराचे दिवे, आणि किल्ला नुसता अंदाजाने. त्याचं कार्ड असं हवं : सगळं काळं, आणि एक ठिपका. आणि हे कागदावर नको. फोनवर जाऊ दे, बोटीवर त्याला जेव्हा नेट मिळेल तेव्हा उघडेल. मी तो ठिपका खऱ्या दीपगृहाच्या लयीत उजळता-विझता करतो. रात्री इथे बसून लय मोजून घेऊ.

आत्या : (थोडा वेळ चित्राकडे बघत) हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तू जे केलंस तेच मी मघापासून सांगते आहे, आणि माझ्यापेक्षा नीट केलंस. त्याच्या जागी उभा राहून बघितलंस. या कार्डाला फोनच योग्य आहे, माझा आग्रह मागे घेते. फक्त खालची ओळ माझ्या अक्षरात जाऊ दे. मी बोरूने लिहिते, तू तिचा फोटो घे.

भाचा : चालेल. आणि मी एक ठरवतोय. दुकानात कार्डाची ऑर्डर घेताना आम्ही नाव, फोटो, संख्या एवढंच विचारतो. त्याच कागदावर एक प्रश्न वाढवतो : या माणसाबद्दल तुम्हाला ठाऊक असलेली एक छोटी गोष्ट लिहा. ज्यांनी लिहिलं त्यांचं कार्ड मी वेगळं काढीन. त्याचे पैसे जास्त पडतील, कारण वेळ जास्त जाईल. ज्यांनी रिकामं सोडलं त्यांना नेहमीचं छापील.

आत्या : पैसे घेतलेस की तो तुझा धंदा झाला, छंद नव्हे. आणि ज्याचा माणूस आहे त्याने चित्र वाकडंतिकडं का होईना स्वतः काढावं, हे माझं मत मी सोडणार नाही. मात्र प्रश्न चांगला आहे. गिऱ्हाईक काउंटरवर उभ्या उभ्या लिहायला लागलं तर थांबव. घरी जा, विचार करून या म्हणून सांग. कार्डाचं निम्मं काम तिथेच होतं.

भाचा : आणि त्या विचारात दिवाळी उलटून गेली तर?

आत्या : तर तुळशीच्या लग्नाला पाठवू दे, नाहीतर संक्रांतीला. नेमकं आपल्यासाठीच केलेलं कार्ड उशिरा आलं म्हणून कोणी परत केलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.